नदी चढण्याआधी

मे संपत आला. तेंदूचे वाळलेले पुडे गोण्यांत भरून ट्रक निघून गेले, माणसं पुन्हा गावात दिसू लागली, आणि आमची धावपळ सुरू झाली. गडचिरोलीच्या दक्षिणेला आरोग्याचं काम करणाऱ्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, एप्रिलमध्येही नाही. ते पावसाआधीच्या या तीन आठवड्यांत सुरू होतं. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकमेकींना भेटतात. जुलै-ऑगस्टात पर्लकोटेला पूर आला की पलीकडची शंभरावर गावं तुटतात. कधी दोन दिवस, कधी आठवडा. रानातल्या लहान नाल्यांची तर गणतीच नको. तासाभराच्या सरीत तेही वाट अडवतात.

नदी चढली की डॉक्टर अलीकडे आणि तापाने फणफणलेलं लेकरू पलीकडे. म्हणून द्यायचं ते सगळं आधीच पलीकडे पोचलेलं हवं. औषध तर हवंच, पण ते कुणाला, कधी आणि किती द्यायचं हे जाणणारं माणूसही पलीकडेच हवं.

*

आज खोक्यात भरलं: जलसंजीवनीची पाकिटं, झिंकच्या गोळ्या, मलेरिया तपासायची किटं आणि त्याच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, अमॉक्सिसिलिन, थर्मामीटर, वजनकाट्याच्या दोन जादा झोळ्या. थर्मामीटरचे सेल वेगळे बांधले. गेल्या वर्षी ते राहिले होते. सात गावांत थर्मामीटर होते आणि ताप हातानेच बघावा लागला.

दुसरी यादी गावातल्या आरोग्य-ताई करतात. पुराच्या दिवसांत कुणाचे दिवस भरतात, ती. आमच्या रजिस्टरात शेवटच्या पाळीची तारीख असते आणि ती बऱ्याचदा अंदाजाने घातलेली. ताई सांगतात, "मोहफुलं वेचायला जात होतो तेव्हा तिला चौथा लागला होता." त्यांचा हिशेब जास्त बरोबर निघतो.

*

वजनकाटा साधाच असतो. वर कडी, खाली आकडा, मध्ये काट्यावर रंगाचे पट्टे. घराच्या आढ्याला किंवा दोघींनी धरलेल्या काठीला तो अडकवायचा, आकड्याला कापडी झोळी लावायची, रिकामी झोळी असताना काटा शून्यावर आणायचा आणि मग बाळाला झोळीत ठेवायचं. बाळ हललं की काटा नाचतो. तो थांबेपर्यंत श्वास रोखून बघत राहायचं. सगळं घर त्या वेळी गप्प असतं.

इथे आल्याच्या पहिल्या वर्षी मी काटा शून्यावर न आणताच वजन घेतलं. झोळीचे दोनशे ग्रॅम बाळाच्या नावावर लिहिले गेले. बाळ होतं १९५० ग्रॅमचं, मी लिहिलं २१५०. त्या दोनशे ग्रॅममुळे ते जास्त जोखमीच्या यादीतून सुटलं आणि त्याच्याकडे पुढच्या भेटीला मी उशिरा जायचं ठरवलं. सोबतची ताई मात्र दुसऱ्याच दिवशी स्वतःहून त्या घरी गेली. तिने बाळाच्या पोटाला हाताचा मागचा भाग लावला, मग तळपायांना. पोट गरम, पाय गार. तिने बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून लुगड्याने दोघांना बांधलं, डोक्याला टोपरं घातलं, दर दोन तासांनी पाजायला लावलं. मी तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा पाय गरम होते. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ती म्हणाली, "ते रडत नव्हतं, कुरकुरत होतं. वजन काही असू दे."

त्या पानावरची माझी चूक मी खोडलेली नाही. शेजारी बरोबर आकडा लिहिला आहे. नव्या मुलींना शिकवताना ते पान दाखवते.

*

शोधग्रामला, 'सर्च' या संस्थेच्या आवारात, पहिल्यांदा पाहिलेली एक वस्तू अजून डोळ्यांपुढे आहे. मण्यांच्या दोन ओळी आणि सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाचं पोट वरखाली होताना बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, तिथे लाल मणी साठ श्वासांना. दुसरी त्याहून मोठ्या बाळासाठी, तिथे पन्नासला. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया धरायचा आणि औषध सुरू करायचं.

ज्या सुईणीला शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं, तिला दहापर्यंत येत होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिच्या दहापासून सुरुवात केली. तिला आधी साक्षर करू, मग न्यूमोनिया शिकवू, असं म्हणत बसले असते तर मधल्या काळात कितीतरी पाळणे रिकामे झाले असते. साधन माणसाच्या मापाचं करायचं, ही गोष्ट मला त्या मण्यांनी शिकवली.

बंगांच्या 'सर्च'चं काम गडचिरोलीत १९८६च्या सुमाराला सुरू झालं. पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं: गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि वेळ आली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देणं. इंजेक्शनवरून मोठा वाद झाला. थोडंफार शिकलेल्या बाईच्या हातात सुई द्यायची? पण त्या बाईशिवाय त्या घरात दुसरं कोण पोचणार होतं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, घरच्या बाळंतपणात पहिल्या दिवसाची एक जास्त.

आज नागालँडमधली किंवा राजस्थानातली आशा तिसऱ्या दिवशी कुणाच्या उंबऱ्यावर उभी राहते, त्यामागे गडचिरोलीतल्या या बायका आहेत. त्यांचं श्रेय मोठ्याने सांगितलं पाहिजे.

*

शोधग्रामचा दवाखाना दंतेश्वरीच्या नावाने आहे. गोंडांची देवी. लोकांना मोठ्या इमारतीत, पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत भीती वाटायची. म्हणून दवाखाना त्यांच्या वस्तीसारखा, झोपड्या-झोपड्यांचा बांधला आणि पेशंटसोबत घरच्यांना राहता येईल अशी सोय केली. मला वाटतं, विश्वासाची सुरुवात औषधाच्या कितीतरी आधी होते. दारात शिरताना मान खाली घालावी लागते की नाही, तिथे होते.

*

'लाभार्थी' हा शब्द मी वहीत लिहायचा बंद केला आहे. अहवालात तो रकाना असतो, तिथे लिहावाच लागतो. पण जिचं बाळ आहे, जिने रात्रभर जागून ते छातीशी धरलं, तिला मी कशाचा लाभ दिला? कुरखेड्याला एक संस्था आहे, तिचं नावच 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी'. कर्ता कोण आणि काम कुणाचं, दोन्ही त्या नावात आहे.

*

जामखेड. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे नगर जिल्ह्याच्या त्या कायम दुष्काळी कोपऱ्यात आले. दोघं वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावात ठेवून पाहिल्या. जमलं नाही. परक्या, एकट्या, तरुण मुलीला गावात राहणं कठीण, आणि गावातल्या बायका तिच्याजवळ मनातलं बोलेनात. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या ठरल्या वारी जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत आणि परत जात. रात्री गोधड्या पांघरून एकमेकींना सांगत त्या जे शिकल्या ते कुठल्याच वर्गात शिकता आलं नसतं.

पाण्याची गोष्ट मला फार आवडते. ७२च्या दुष्काळाच्या त्या काळात कूपनलिका खोदायच्या होत्या. आरोळ्यांनी त्या दलित वस्तीत घ्यायला लावल्या. आता गावाला पाणी हवं तर त्या वस्तीत यायलाच हवं. भाषण नाही, मोर्चा नाही, आणि हंडे एका रांगेत लागले. हगवण पाण्याने होते, आणि ते पाणी कुणाला मिळतं हे जातीने ठरतं. दोन्हीवर इलाज एकाच हातपंपाने.

तिथल्या कामाला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच्या वर्षी आल्मा आटाला जगातल्या देशांनी सर्वांसाठी प्राथमिक आरोग्याची घोषणा केली होती. जामखेडच्या बायका त्याच्या आधीपासून ते करतच होत्या.

*

कुर्माघराबद्दल कालपासून मनात घोळतंय. पाळीच्या दिवसांत बाईने गावाच्या कडेच्या झोपडीत राहायचं. दार नाही, दिवा नाही, पावसात साप-विंचवाचं भय. काही ठिकाणी संस्थांनी तीच कुर्माघरं पक्की बांधून दिली: खाटा, संडास, पाण्याची टाकी, वीज. त्यावर टीका झाली. प्रथा मोडायची सोडून तिला सिमेंट लावता?

मी एका संध्याकाळी अशा जुन्या झोपडीपाशी बसले होते. आत तिघी. एकीच्या कडेवर तान्हं. मी विचारलं, तुम्हाला काय हवं? मोठी म्हणाली, "आधी दार." मधली थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इथे निजते तेवढे दिवस काम नसतं. घरी ते सुख नाही." तिसरी, सगळ्यात लहान, शाळेत जाणारी, म्हणाली, "मला इथे यायचंच नाही."

तिघींची तीन उत्तरं, आणि तिन्ही खरी. माझं मत तिसरीच्या बाजूचं आहे आणि ते मी लपवत नाही. पण या पावसात तिला सापापासून वाचवायला दार लागेल. ती मोठी होऊन प्रथा मोडेल, त्यासाठी आधी ती मोठी व्हायला हवी. दारासाठी पैसे मागायचे ठरवलं.

*

पैशांबद्दल. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात. त्यातून खूप चांगलं काम उभं राहिलं आहे. पण कायदाच म्हणतो, आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. ज्या तालुक्यात कारखाना नाही, तिथे पैसा वळून येतच नाही. आणि आला तर यंत्रासाठी येतो. गाडी देतात, ड्रायव्हरचा पगार देत नाहीत. वजनकाटे देतात, ते घेऊन बारा किलोमीटर चालणाऱ्या ताईचं मानधन 'प्रशासकीय खर्चा'त टाकतात. परदेशी देणग्यांतून असा खर्च पूर्वी निम्म्यापर्यंत करता यायचा, त्या देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने तो वीस टक्क्यांवर आणला. आमच्या कामात माणूस हाच कार्यक्रम असतो. त्याला बाजूला काढलं तर उरतात ती खोकी.

आणि मुदत तीन वर्षांची. पहिलं वर्ष ओळखीत जातं, दुसऱ्या वर्षी बायका मोकळ्या बोलू लागतात, तिसऱ्या वर्षी आम्ही समारोपाचा अहवाल लिहितो. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले ते झाडाखाली पेशंट बघत, माडिया भाषा शिकत. लोकबिरादरी प्रकल्प १९७३चा. पन्नास वर्षं उलटून गेली. त्या पन्नासांतली पहिली तीन काढून कुणी अहवाल मागितला असता, तर त्यात लिहायला काय असतं?

*

एका देणगीदाराच्या माणसाने फोटो मागवला होता. "मूल जरा रडतानाचं असेल तर बरं." मी हसऱ्या बाळाचा पाठवला. ते १९५० ग्रॅमचं बाळ, तेव्हा सव्वा वर्षाचं, दंडघेराच्या पट्टीवर हिरव्यात. पुढच्या वर्षी ती देणगी आली नाही. त्याचं दुःख आहे, कारण त्यातून दोन गावांचं मानधन निघत होतं. फोटोचं मात्र नाही.

*

माहेरघर. सरकारी योजनांत इतकं चांगलं नाव क्वचित सापडतं. दिवस भरत आले की बाईने आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, सोबत एक नातेवाईक, लहान मुलं असतील तर तीही. पुराच्या तालुक्यात याहून शहाणं काय असेल?

तरी खाटा रिकाम्या राहतात. एका घरी समजवायला गेले होते. आठवा सरत आलेला. ती ऐकत होती, मान हलवत होती, हाताने भात पाखडत होती. शेवटी म्हणाली, "ताई, कोंबड्या?" मला आधी कळलंच नाही. मग तिने मोजून सांगितलं: कोंबड्या अकरा, डुक्कर एक, सासू आंधळी, रोवणी तोंडावर आणि नवरा एकटा. दहा दिवस ती नसली तर यातलं काय काय उरेल? आम्ही शिबिरात 'अज्ञान' आणि 'अंधश्रद्धा' असे शब्द फार सहज वापरतो. तिच्याकडे अज्ञान नव्हतं. अकरा कोंबड्या होत्या.

आम्ही गावातल्या बचत गटाशी बोललो. शेजारणींनी कोंबड्या आणि सासू वाटून घेतल्या, रोवणीला दोन जणी जातो म्हणाल्या. ती माहेरघरी गेली.

*

जलसंजीवनीचा धडा घेताना मी दिलीप महालनबीसांचं नाव आवर्जून सांगते. १९७१, बांगलादेश युद्धाचे निर्वासित, बनगावची छावणी, पटकी. सलाइन संपलं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ते नातेवाइकांच्या हातात दिलं आणि तोंडाने पाजायला सांगितलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. नातेवाइकांच्या हातात दिलं, हे मला औषधाइतकंच मोठं वाटतं. आईच परिचारिका झाली.

पाकीट नसेल तर घरचं: एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखरही नसेल तर मीठ घातलेली तांदळाची पेज. इथल्या घरात पेज असतेच. झिंक मात्र चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. याच ठिकाणी गाडी अडते. बरं झालेल्या लेकराला गोळी का द्यायची? एका ताईने उपाय काढला: कुडाच्या भिंतीला कोळशाने चौदा रेघा. रोज गोळी दिली की आई एक रेघ पुसते.

*

मृत्यू मोजणं. नोंद झाली नाही तर ते मूल जन्मलंच नव्हतं आणि मेलंही नव्हतं असं होतं. 'सर्च' आणि इतर संस्थांनी मिळून गावोगावचे बालमृत्यू प्रत्यक्ष मोजले आणि २००१मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. त्यातला आकडा सरकारी आकड्यांच्या कितीतरी वर होता. खळबळ उडाली, आणि पुढे सरकारने बंगांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली.

आमच्याकडे मृत्यू झाला की ताई महिन्याभरात त्या घरी जाऊन बसते. कागद पिशवीतच ठेवते. आधी घरातलं काही काम हाती घेते, तांदूळ निवडते, पाणी भरते. आई आपोआप बोलायला लागते: किती वाजता दूध सोडलं, कधी पुजाऱ्याकडे नेलं, गाडीसाठी कुणाला फोन केला, किती वेळ वाट पाहिली. त्या वाट पाहण्यातच बहुतेक मुलं गेलेली असतात. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात 'न्यूमोनिया' येतं. 'वाट पाहिली' असा रकाना हवा. मी समासात लिहिते.

*

मलेरिया. पूर्वी काचपट्टीवर रक्त घेऊन ती तालुक्याला जायची, अहवाल येईपर्यंत माणूस बरा झालेला असायचा किंवा गेलेला. आता बोटातून एक थेंब, पट्टीवर, वीस मिनिटं. लगेच गोळी. फक्त किट गावात हवं.

*

जुलैचा दुसरा आठवडा. तीन दिवस पाऊस, पर्लकोटा पुलावरून. पलीकडच्या एका गावात टेकडीवर मोहाचं झाड आहे, त्याखाली फोनला रेंज येते. संध्याकाळी साडेपाचला ताईचा फोन आला. सात महिन्यांचं मूल, दोन दिवस खोकला, ताप. मोबाइलचं घड्याळ लावून तिने दोनदा मोजलं होतं, मूल झोपेत असताना. अठ्ठावन्न. छाती आत ओढली जात नाही, अंगावर पितंय, झटके नाहीत, शुद्धीवर आहे. मी काही विचारायच्या आधीच तिने हे ओळीने सांगितलं. डॉक्टरांना फोनवर जोडून घेतलं. त्यांनी डोस सांगितला, तिने तो परत म्हणून दाखवला. खोक्यातली अमॉक्सिसिलिनची गोळी चमचाभर आईच्या दुधात विरघळवायची, दिवसातून दोनदा, पाच दिवस. छाती आत ओढू लागली किंवा पिणं सोडलं तर लगेच कळवायचं, मग होडी बघायची.

रात्री झोप लागली नाही. पाऊस थांबून पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी फोन नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आला, मागे पावसाचा आवाज.

"ताई, जोहार. बावन्न."

चौथ्या दिवशी चव्वेचाळीस. ताप नाही. आई रोवणीला गेली आहे, मूल आजीजवळ आहे, आणि थर्मामीटरचे सेल अजून चालू आहेत.